जवाएवढे गवत

मी एक जुनी सागवानी मापपट्टी आहे. लांबीला तुमच्या तळहाताएवढी, रुंदीला दोन बोटे. माझ्या डाव्या कडेला, पायापासून थोड्या अंतरावर, तीन खाचा आहेत. त्या आता इतक्या झिजल्या आहेत, की नख फिरवल्याशिवाय कळत नाहीत.

मित्रांनो, मापाची साधने तुम्ही पुष्कळ पाहिली असतील. धान्याला पायली असते, कापडाला गज असतो, दुधाला पितळी माप असते. पण गवताची उंची मोजण्यासाठीही कुणी एखादे साधन घडवले असेल, हे तुम्हांला खरे वाटणार नाही. ते तसे घडवले गेले, आणि ते साधन मीच. माझ्या आयुष्यात मी एकाच हिरवळीचे गवत मोजले. त्या गवताची उंची किती असावी, एवढाच प्रश्न होता. आणि त्या प्रश्नाच्या दोन टोकांना दोन माणसे उभी होती, दोघेही कुणाची तरी वाट पाहत.

माझा जन्म कोलशेतच्या खाडीकाठी झाला. तिथे चिखलात टेकू लावून गलबते बांधली जात. एका गलबताच्या बरगडीतून मी उरले. माझ्या बरोबरची लाकडे तेल पिऊन, डांबर माखून पाण्यात गेली. मी भुशात पडून राहिले. भरतीचे पाणी रोज दोनदा माझ्यापासून हातभर अंतरापर्यंत येई आणि परत जाई. त्या हातभर अंतराने मला पहिल्यांदा शिकवले, की हवे असलेले काही इतके जवळ येऊनही आपले होत नाही.

मला भुशातून उचलले ते इनासने. इनास ठाण्याचा, चर्चच्या मागल्या आळीतला. तरुणपणी तो गलबतांचा नावाजलेला सुतार होता. पुढे त्याच्या हातांना कंप सुटला. लाकूड तासायचा वाकस जिथे मारायचा तिथे न पडता दोन बोटे अलीकडे पडू लागला, तेव्हा त्याने हत्यारे पेटीत ठेवली आणि खाडीकडच्या एका बंगल्यावर माळीकाम धरले. पण जुन्या कारखान्यावरून जाताना तो लाकडाचे तुकडे उचलून हुंगत असे. त्याची बायको लुर्दस म्हणे, बायका बाजारातून भाजी आणतात, माझा घरधनी ढलप्या आणतो. आता यांचंच कालवण करते.

त्या बंगल्यात मीठ खात्याचे एक साहेब राहत. त्यांचे खरे नाव ऑगिल्वी. पण आसपासच्या मिठागरांवर सगळे त्यांना आगळवी साहेब म्हणत आणि त्यांनीही ते नाव निमूटपणे स्वीकारले होते. उंच, वाकलेले, पांढऱ्या मिशांचे. ते मराठी मुनशीकडून शिकले होते, त्यामुळे ते बोलू लागले की एखादे पुस्तकच बोलते आहे असे वाटे. राणीच्या राज्याला पन्नास वर्षे झाली म्हणून ठाण्यात दिव्यांची आरास झाली, त्याच्या आदल्या वर्षी त्यांनी बंगल्याच्या मागे एक हिरवळ करायला घेतली.

ही हिरवळ बसण्यासाठी नव्हती, गुरांसाठी तर नव्हतीच. साहेबांच्या थंड देशात गोल्फ नावाचा खेळ खेळतात. त्यात काठीने टोलवलेला लहानसा पांढरा चेंडू शेवटी एका गुळगुळीत गवतावरून हळूच लोटत नेऊन वाटीएवढ्या भोकात घालायचा असतो. साहेबांना दूरवर टोले मारायचे नव्हते. त्यांना हवा होता तो फक्त शेवटचा, हळू लोटण्याचा भाग. त्यासाठी येऊरच्या डोंगरातली लाल माती गाड्यांनी आणून खाडीच्या काळ्या, खारट जमिनीवर दोन विती जाड पसरली गेली. तिच्यावर हरळीच्या मुळ्या लावल्या. विहिरीचे गोडे पाणी सकाळ-संध्याकाळ दिले. पावसाळ्याअखेर तिथे सात पावले लांब आणि पाच पावले रुंद असा हिरवा तुकडा तयार झाला.

मग साहेबांनी इनासला मापाबद्दल सांगितले. त्यांचे वडील समुद्रकाठच्या एका गावी अशीच हिरवळ राखत. तिथे गवत मेंढ्या चरून लहान ठेवत आणि वडील रोज सकाळी जवाचा एक दाणा चिमटीत उभा धरून ते मापत. दाण्याहून वर एकही पाते नको. साहेब लहानपणी त्यांच्या मागे मागे फिरत. इनासने सगळे ऐकून घेतले आणि म्हटले, आपल्याकडची हरळी मेंढ्यांची नव्हे, तिचा स्वभाव आधी बघावा लागेल. म्हणून त्याने माझ्यावर एकाऐवजी तीन खाचा कोरल्या. पहिली, सर्वांत खालची, जवाच्या दाण्याएवढ्या उंचीवर. दुसरी करंगळीच्या नखाएवढ्या. तिसरी चिंचोक्याएवढ्या. तीन खाचा कोरायला त्याला तीन दिवस लागले. कंप थांबेपर्यंत तो श्वास धरून बसे, हात स्थिर झाला की एक कोर मारी, आणि पुन्हा थांबे. माझ्याइतके सरळ काम त्याच्या हातून पुन्हा झाले नाही. हे तो स्वतःच लुर्दसला सांगत होता, म्हणून मला माहीत आहे.

पहिले वर्ष तिसऱ्या खाचेचे होते. ते माझ्या मानाचे वर्ष. दर चार दिवसांनी, सकाळी दव सुकले की मला गवतात ठिकठिकाणी उभे करीत. माझा पाय मातीवर टेके, पात्यांची टोके माझ्या कडेला लागत, आणि साहेब गवतावर पालथे पडून, गाल जमिनीला टेकवून, एक डोळा मिटून खाच न्याहाळत. एवढा मोठा अंमलदार जमिनीवर आडवा झालेला पाहून कामावरची रखमाबाई तोंडाला पदर लावी. ठाण्याहून चहाला येणारे पाहुणे मला हातात घेऊन उलटसुलट पाहत, आणि साहेब अभिमानाने सांगत की हे इनासचे काम आहे.

रखमाबाई ही गवत कापणारी बाई. कोलशेतची, नवरा मिठागरावर राबता राबता गेलेला. उकिडवी बसून, मागे मागे सरकत, ती विळ्याने अशी कापणी करी की पाठीमागे जणू पाण्याची सपाटी उरे. तिचा एकुलता मुलगा पंढरी तीन वर्षांपूर्वी खलाशी म्हणून झांजीबारच्या गलबतावर चढला होता. पुढच्या नारळी पुनवेला येतो, असे सांगून गेला. ती पुनव आली, तिच्यानंतरच्याही आल्या. पंढरी आला नाही आणि त्याचा निरोपही आला नाही. तेव्हा तिने गावच्या गणपतीला नवस बोलला: तो परत येईपर्यंत रोज एकवीस दूर्वांची जुडी वाहीन, एकही दिवस चुकवणार नाही. दूर्वा म्हणजे हीच हरळी, मित्रांनो. पण देवाला चालते ती तीन पानांची कोवळी शेंडी. पावसाळ्यात आणि थंडीत ती कुठेही मिळे. पण चैत्र लागला की खाडीकाठची सगळी जमीन भाजून भुरी होई, आणि कोलशेतपासून ठाण्यापर्यंत हिरवी दूर्वा एकाच जागी उरे: साहेबांच्या हिरवळीवर.

म्हणून रखमाबाई विळा चालवण्याआधी रोज सकाळी गवतात बोटे फिरवून एकवीस शेंड्या खुडून घेई. साहेबांना ते ठाऊक नव्हते. इनासला होते.

"देवाला काय तीनच पानं दिसतात काय गं?" असे त्याने एकदा तिला चिडवले होते. "दोन पानांची घातलीस तर तो मोजीत बसेल?"

"तो नाय मोजणार," ती म्हणाली. "मी मोजीन ना."

तिसऱ्या खाचेच्या गवतावर चेंडू मात्र नीट चालत नसे. पात्यांत अडखळे, वाट सोडी, भोकाच्या अलीकडेच दमून थांबे. साहेब काठी टेकून त्या थांबलेल्या चेंडूकडे कितीतरी वेळ पाहत राहत. कुणीतरी आपल्याला हाक मारून अर्ध्यातच गप्प झाले असावे, तसा त्यांचा चेहरा होई. तरीही त्यांनी घाई केली नाही. थंडीत दुसऱ्या खाचेवर उतरले. चेंडू थोडा पुढे गेला. आणखी एखादे वर्ष थांबून गवत दाट होऊ द्यावे, असे इनासचे आणि त्यांचे ठरलेही होते.

मग फाल्गुनात काळ्या काठाचे एक पाकीट आले.

साहेबांचे वडील वारले होते. बातमी समुद्रावरून येईपर्यंत त्यांच्या थडग्यावर गवत उगवायलाही सुरुवात झाली असेल. साहेब दोन दिवस कचेरीत गेले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला खिशातून काढले, पहिल्या खाचेवर अंगठा ठेवला आणि मला इनासच्या हाती देत सांगितले, की उद्यापासून गवत इतकेच राहील.

इनास मान खाली घालून उभा राहिला. मग हळूहळू बोलू लागला. पुढे चैत्र-वैशाख आहे. गवताला उन्हात स्वतःच्याच पात्यांची सावली असते. ती काढून घेतली तर माती उघडी पडेल, माती उघडी पडली तर ऊन तिच्यातले पाणी ओढील, आणि पाण्याबरोबर खालच्या काळ्या जमिनीतले मीठ वर येईल. येऊरची माती दोनच विती आहे, साहेब.

"इनास," साहेब म्हणाले, "मिठाविषयी मला शिकवू नकोस."

तीस मिठागरे ज्यांच्या हाताखाली होती, त्यांच्यापुढे हात जोडून तो परत फिरला. मित्रांनो, मला पुढे पुष्कळ वेळा वाटले, की उन्हाने मीठ कसे वर येते हे त्या भागात त्यांच्याइतके कुणालाच ठाऊक नव्हते. पण ते ज्ञान बांधापलीकडच्या आगरांचे होते. घरामागच्या त्या हिरव्या तुकड्याकडे ते मीठ खात्याचे अधिकारी म्हणून कधी पाहतच नसत. तिथे ते कुणाचा तरी मुलगा होते.

त्या दिवशी दुपारी विहिरीच्या कट्ट्यावर इनासने रखमाबाईला सगळे सांगितले. नखाएवढ्या गवतात हुडकले तर तीन पानांची शेंडी मिळते. जवाएवढ्यात काडी आणि मूळ यांवाचून काही उरत नाही. तिने विळ्याची धार अंगठ्याने चाचपली आणि एवढेच विचारले, की मग जुडी कुठून आणू. ती उठून गेली तरी तो माझ्याकडे पाहत बसला होता.

आणि मग त्याने ती गोष्ट केली, जी सांगताना आजही माझी लाज जात नाही. चर्चमध्ये सांत अंतोनपुढे विझलेल्या मेणबत्तीचे थोडे मेण त्याच्याजवळ होते. ते त्याने ऊन करून मऊ केले, त्यात येऊरची लाल माती कालवली आणि माझ्या पायाखाली दोन पापडांच्या जाडीएवढा थर चढवला. रंग माझ्याच लाकडाचा. कड बोटाने इतकी सफाईने मिळवली, की त्या वेळी त्याचा हात कापत होता की नाही हे मला सांगता येणार नाही. आता मी मातीवर उभी राहिले की माझी पहिली खाच दुसरीच्या उंचीला जाई. मी तीच होते, माझ्या खाचा त्याच होत्या; फक्त मी खोटे बोलू लागले होते.

दुसऱ्या सकाळी साहेबांनी गाल जमिनीला लावून पाहिले. पाती पहिल्या खाचेला बरोबर लागली होती. त्यांनी समाधानाने मान हलवली.

ते समाधान संध्याकाळपर्यंत टिकले. त्यांनी चेंडू ठेवला, काठीने हळूच लोटला. तो गेला, मंदावला आणि भोकाच्या दोन विती अलीकडे थांबला. पुन्हा लोटला, पुन्हा तसेच. दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी, आठव्या दिवशी तेच. ते मला खिशातून काढून पुनःपुन्हा उभी करीत आणि मी पुनःपुन्हा तेच सांगे. त्यांनी गवतावर हात फिरवून पाहिला. डोळे मिटून पाहिले. वडील जसे उभे राहत, तसे स्वतः उभे राहून पाहिले. एके संध्याकाळी ते इनासला म्हणाले, "माप अचूक आहे. चुकते ते माझे स्मरण. माझ्या घरचे गवत कसे होते, ते मी विसरलो."

हे त्यांनी रागाने म्हटले नाही. रागाने म्हटले असते तर बरे झाले असते.

त्यानंतर ते मला गवतातच रोवलेली सोडून हिरवळीवर येईनासे झाले. काठी गुडघ्यांवर आडवी ठेवून मागच्या ओसरीत बसून राहत. वैशाखाच्या उन्हात सगळे शिवार पांढरेफटक झाले होते आणि बंगल्यामागे तो तुकडा मात्र हिरवागार. रखमाबाईला रोज एकवीस दूर्वा मिळत होत्या. तिची जुडी एक दिवसही चुकली नव्हती. इनासने पाद्रीपुढे कुमसार केला, आपल्या पापांची कबुली दिली, पण ही एक गोष्ट त्याच्या ओठांवर येऊन परत गेली. लुर्दसने विचारले, जेवण का उतरत नाही. तो म्हणाला, ऊन फार आहे.

साहेबांचे ते वाक्य मात्र रखमाबाईनेही ऐकले होते. ती तेव्हा कापलेले गवत टोपलीत भरत होती. त्यानंतर खुडताना तिची बोटे रेंगाळू लागली. एखादी शेंडी ती धरी, सोडी, पुन्हा धरी. ओसरीतल्या त्या स्तब्ध माणसाकडे तिची नजर जाई. असे पाच-सहा दिवस गेले. मग एका सकाळी तिने एकही दूर्वा खुडली नाही. मला गवतातून उचलले, पदराने पुसले आणि ज्या ओसरीच्या पायऱ्या ती कधी चढली नव्हती, त्या चढून गेली. साहेबांसमोर उभी राहून तिने विळ्याच्या टोकाने माझ्या पायाखालचे मेण खरवडले. लाल चकती निघून फरशीवर पडली.

"साहेब," ती म्हणाली, "तुमच्या ध्यानात हाय ते बरोबर हाय. माप खोटं हाय."

मागे विहिरीजवळ इनासच्या हातातली झारी खाली ठेवल्याचा आवाज झाला. तो सावकाश येऊन पायरीखाली उभा राहिला. साहेबांनी ती चकती उचलली, बोटांत फिरवली आणि हे कोणी केले असे विचारले. इनासने सांगितले, मी केले. रखमाबाईने सांगितले, माझ्यापायी केले. मग तिने नवसाची गोष्ट सांगितली: पंढरी, झांजीबार, नारळी पुनव, एकवीस शेंड्या, तीन पाने. तिने रडू आणले नाही, आणि माफीही मागितली नाही. साहेब ऐकत होते. मध्ये एकदाच त्यांनी विचारले, की हे किती दिवस चालायचे.

"तो येईस्तवर."

"आणि त्याचा चेहरा," साहेब अडखळले, "त्याचा चेहरा तुझ्या स्मरणात आहे काय?"

"चेहरा हाय," ती म्हणाली. "आवाज जात चाललाय. रोज थोडा थोडा जातो. म्हणून तर वर आले. तुमचं खरं असून तुम्ही ते खोटं म्हणत बसलात. मना ते बघवलं नाय."

साहेबांनी मला तिच्या हातातून घेतले. मी साहेबांच्या तळहातावर होते. तो तळहात आधी घामेजला, मग कोरडा झाला. इनासला वाटले, आता आपल्याला जायला सांगतील. रखमाबाईला वाटले, उद्यापासून फाटकाच्या आत पाऊल टाकता येणार नाही. दोघांच्या नोकऱ्या आणि तिचा नवस त्या एका तळहातावर होते, मित्रांनो, आणि माझ्या तीन खाचांपैकी एक निवडायची होती.

शेवटी साहेब उठले आणि हिरवळीवर आले. बूट काढून ते अनवाणी उभे राहिले. मग काठीच्या टोकाने त्यांनी एक पट्टा दाखवला: या टोकापासून भोकापर्यंत, हातभर रुंद. एवढा जवाएवढा कापायचा. बाकी सगळे गवत पावसाळा येईपर्यंत चिंचोक्याएवढे राखायचे.

"तो पट्टा मरेल, साहेब," इनास म्हणाला.

"मरू दे. मला एकदाच पाहावयाचे आहे."

तो पट्टा रखमाबाईने कापला. विळा जमिनीशी असा आडवा धरून, की माती हलली नाही आणि पाते उरले नाही. तिच्यामागे इनास मला उभी करत येत होता, या वेळी माझा पाय उघडा होता. हातभर गेले की माप, पुन्हा हातभर गेले की माप. माझ्या आयुष्यातले ते सर्वांत खरे काम. ऊन चढू लागले तेव्हा पट्टा तयार झाला.

साहेबांनी चेंडू ठेवला. काठी हलकेच लागली. चेंडू निघाला आणि त्याचा आवाज झाला. आतापर्यंत त्या हिरवळीवर चेंडूचा आवाज असा झालाच नव्हता: पिकल्या धान्यावरून कुणी हात फिरवावा तसा, कोरडा, एकसारखा, थांबायचे नाव न घेणारा. तो दमला नाही, वळला नाही. भोकाच्या कडेवर क्षणभर थबकला आणि आत पडला.

साहेबांनी तो बाहेर काढला नाही. ते तिथेच गवतावर बसले आणि आपल्या भाषेत दोन-चार शब्द बोलले. कुणाशी बोलले ते आम्हां तिघांनाही कळले, काय बोलले ते कळले नाही. रखमाबाई पाठ फिरवून आपली शेंडी-शेंडी खुडू लागली. तिला एकवीस मिळाल्या.

आठ दिवसांत तो पट्टा पिवळा पडला, पंधराव्या दिवशी पांढरा झाला. उघड्या मातीवर मिठाची बारीक साय आली होती. साहेबांनी खाली वाकून तिला बोट लावले, ते जिभेवर ठेवले. तीस आगरांचे मीठ चाखलेली ती जीभ.

"इनास," ते म्हणाले, "आता शिकव."

त्यानंतरचे दोन पावसाळे आणि दोन उन्हाळे हे त्या हिरवळीचे चांगले दिवस. कोणत्या ऋतूत कोणती खाच, हे आता इनास ठरवी आणि साहेब ऐकत. चेंडू कधी अलीकडे थांबे, कधी पोचे. साहेबांचा चेहरा मात्र पूर्वीसारखा होत नसे. सकाळी आल्यावर ते रखमाबाईला विचारत, की आज मिळाल्या काय, आणि ती टोपली तिरपी करून दाखवी. तो मेलेला पट्टा पुन्हा हिरवा झाला नाही. त्याच्यावर नवी माती घालू का, असे इनासने विचारले होते. साहेब नको म्हणाले.

मग ते पेन्शनीवर आपल्या देशी गेले. जाताना काठी आणि चेंडू नेले; मला ओसरीच्या कठड्यावर ठेवून गेले. विसरून, की मुद्दाम, हे मला आजही ठरवता येत नाही. पुढे आलेल्या साहेबांना घोड्यांची आवड होती. त्यांनी हिरवळीवर तबेला बांधला. ज्या गवतावर एक माणूस गाल टेकवून पाहत असे, त्या गवतावर खूर उमटले आणि एका पावसाळ्यात सगळे संपले. इनासने मला घरी नेले. मी त्याच्या हत्यारांच्या पेटीत, गंजलेल्या पटाशीखाली, सात वर्षे पडून होते. अंधारात मला लाकडाची, तेलाची किंवा पाण्याची आठवण येत नसे. आठवण येई ती पात्यांच्या टोकांची. सकाळी ती माझ्या कडेला लागत, तो स्पर्श किती हलका होता, हे पेटीत पडल्यावर मला कळले.

रखमाबाईने तबेल्याचा पाया खणायच्या आधीच त्या हरळीच्या चार मुळ्या उपटून नेल्या होत्या. तिच्या कोलशेतच्या दारात एका फुटक्या घंगाळात ती हरळी अजून आहे. इनासने एक दिवस मला पेटीतून काढून तिच्याकडे आणले, माती उकरायला बरी म्हणून. तेव्हापासून मी इथे, घंगाळातल्या मातीत रोवलेली असते. मला कुणी मापायला सांगत नाही.

पंढरी आलेला नाही. त्याच्या गलबतावरचे कुणी परत आले नाही, आणि ते बुडाल्याचेही कुणी सांगितले नाही. रखमाबाईच्या डोळ्यांत आता मोतीबिंदू उतरला आहे. तिला दोन पाने आणि तीन पाने यांतला फरक दिसत नाही. इनासला दिसतो, पण त्याची बोटे कोवळी शेंडी न चुरगळता खुडू शकत नाहीत. म्हणून तो रोज सकाळी ठाण्याहून चालत येतो. तो सांगतो, डावीकडे, बाय, अजून खाली, ती खुडते. मग ती काठी टेकत देवळात जाते आणि तो बाहेर पारावर बसून राहतो. गुरवाने त्याला एकदा विचारले, की तुझा देव निराळा, तू कशाला येतोस. इनास म्हणाला, यांच्या देवाच्या दूर्वांपायी मी एक मेणबत्ती खोट्याला लावली, ती बाकी फेडतो आहे.

परवाची गोष्ट सांगते आणि थांबते. उन्हाळा कडक आहे. विहीर तळाला गेली आहे, घंगाळाला लोटाभरच पाणी मिळते. त्या सकाळी दोघांनी पुष्कळ वेळ शोधले. मग इनासने एकेक मोजली. तिच्या हातात वीस शेंड्या होत्या. एक दोन पानांची शेंडी अगदी जवळ होती. तिला दिसणार नव्हती. त्याने ती पाहिली. मीही पाहिली. मातीत रोवलेल्या माझ्या पायाला त्या क्षणी जुने ऊन मेण लागल्यासारखे वाटले.

"वीसच हायत, बाय," तो म्हणाला.

इतक्या वर्षांत न चुकलेला नवस तिच्या मुठीत एका शेंडीने कमी पडला होता. तिने गवतावरून हात फिरवला, वरून, दाबून नव्हे. जसा झोपलेल्याच्या केसांवरून फिरवतात.

"राहू दे," ती म्हणाली. "मुळं जिती हायत. उद्या एक येईल."

आणि वीस दूर्वा घेऊन ती देवळाकडे गेली.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या पट्टीचे तुम्ही काय ऐकावे? पण तुमच्या घरी एखादी कुंडी असेल, अंगणात हाताएवढा हिरवा तुकडा असेल, किंवा कुणाची वाट पाहणारे एखादे माणूस असेल, तर त्याला दुसऱ्या मातीचे माप लावू नका. आणि त्याचे मन राखण्यासाठी मापाच्या पायाखाली खोटा थरही देऊ नका. उन्हात त्याच्या मुळांवर थोडी सावली राहू द्या, सकाळी ओंजळभर पाणी घाला, आणि खुडताना हात हलका ठेवा. उद्याचे एक पाते कुठून फुटायचे असते, ते आज आपल्याला दिसत नाही.